गोवराची लस, पुन्हा एकदा

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. आज त्याच संस्थेचं प्रत्यारोपण केंद्र रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे.

प्रत्यारोपणात रुग्णाला मूलपेशी दिल्यावर जंतूंवर तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दोन-चार आठवड्यांत परततात. खरी पंचाईत पुढेच. जंतूंची आठवण जपणाऱ्या लिम्फोसाइट पेशी सावरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. लहानपणीच्या लसींची आठवणही शरीर विसरतं. मग पन्नाशीच्या माणसालाही तान्ह्या बाळासारखं लसीकरण पुन्हा सुरू करावं लागतं. गोवराची जिवंत लस मात्र प्रत्यारोपणानंतर दोन वर्षांआधी नाहीच.

प्रत्यारोपणानंतर याच जिल्ह्यात अलिबाग-मुरूडकडे घरी परतलेल्या रुग्णांची परीक्षा पावसाळ्यात. ओलसर भिंतीवरची बुरशी, पेंढ्याची धूळ, शेतातली चिखलणी, सगळं वर्ज्य. सुरमई चालेल, पण नीट शिजलेली. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर मध्यरात्रीही डॉक्टरांना फोन.