कुर्ल्याची गाडी, भांडुपचे टायर आणि हवेचा हिशेब

मोटारीचे वजन टायर उचलतो असे म्हणण्याची पद्धत असली, तरी ते वजन मुख्यतः टायरात कोंडलेली हवा पेलत असते. रबर, त्यातले धागे आणि लोखंडी रिम यांच्याकडे प्रामुख्याने ती हवा जागेवर धरून ठेवण्याचे काम असते. त्यामुळे हवेचा दाब किती असावा हे आधी गाडीच्या वजनावर आणि मग त्या वजनाखाली आलेल्या टायराच्या मापावर ठरते. नव्या गाडीत हा हिशेब कंपनीने आधीच करून चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. वीस-तीस वर्षांच्या गाडीत मात्र तो कागद रंगकामात पुसला गेलेला असतो, माहितीपुस्तिका रद्दीत गेलेली असते आणि मूळ मापाचा टायरही बहुधा बाजारात मिळत नाही. मग पंपावरचा मुलगा ‘किती मारू?’ असे विचारतो आणि मालक शेजारच्या गाडीला सांगितलेला आकडा आपल्याही गाडीला सांगून मोकळा होतो.

हा आकडा बहुतेक वेळा पीएसआय या एककात, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब पडतो या हिशेबात असतो. जुन्या युरोपीय पुस्तिकांत तो एका चौरस सेंटीमीटरवर किती किलो असा, तर काही नव्या कागदांवर किलोपास्कलमध्ये दिलेला असतो. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय आणि १०० किलोपास्कल म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय, एवढे गुणोत्तर ध्यानात ठेवले की पुस्तिकेतले १.७ म्हणजे पंपावरचे २४ हे समजते.

मुंबईच्या पूर्व उपनगरांपुरते पाहिल्यास या प्रश्नाला एक स्थानिक इतिहासही आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे तिचेच नामांतर झालेली प्रीमियर पद्मिनी तयार होत असे, तर तिथून काही किलोमीटरवर, मुलुंडच्या अलीकडे भांडुपला, १९५८ मध्ये सुरू झालेल्या सिएट कंपनीचे टायर बनत. गंमत अशी की फियाट आणि सिएट या दोन्ही आद्याक्षरी नावांतला शेवटचा ‘टी’ इटलीतल्या तोरिनो शहराचा आहे, म्हणजे गाडी आणि टायर ही दोन्ही एकाच गावची घराणी लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आसपास येऊन वसली. टॅक्सी म्हणून पद्मिनीचे आयुष्य २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपले. मात्र खासगी मालकांनी पुनर्नोंदणी करून जपलेल्या पद्मिनी आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक मारुती ८०० उपनगरांतल्या सोसायट्यांच्या आवारात आजही उभ्या दिसतात, आणि हवेचा प्रश्न खरा त्यांचा आहे.

पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४ मापाचा, ट्यूबचा आणि क्रॉसप्लाय जातीचा होता. क्रॉसप्लाय टायरात धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातात, त्यामुळे त्याची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते. रेडियल टायरात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे, सरळ जातात आणि रस्त्याला लागणाऱ्या पृष्ठाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो, त्यामुळे त्याची भिंत लवचीक राहून खालचे पृष्ठ रस्त्यावर सपाट बसते. याचा एक परिणाम असा की योग्य हवा असतानाही रेडियल टायर खालच्या बाजूला किंचित पोट सुटल्यासारखा दिसतो. क्रॉसप्लायवर नजर बसलेला मालक त्याला ‘हवा कमी’ समजतो आणि चार-पाच पीएसआय जास्त भरून गाडी दणके देते म्हणून शॉक ॲब्सॉर्बर बदलायला निघतो. याच्या उलट चूकही तितकीच आढळते. जुन्या पुस्तिकेतला क्रॉसप्लायसाठीचा कमी आकडा तसाच्या तसा रेडियलला लावला, तर भिंत गरजेपेक्षा जास्त वाकते, तापते आणि टायराच्या दोन्ही कडा आधी झिजतात. नव्या जातीच्या टायराला जुन्या आकड्यापेक्षा साधारण दोन ते चार पीएसआय अधिक द्यावे, हा अनुभवी कारागिरांचा ठोकताळा या कारणाने योग्य ठरतो.

टायराच्या भिंतीवर कोरलेला कमाल दाब भरणे ही चूक सर्वांत जास्त होते. तो आकडा टायराची वरची मर्यादा सांगतो. गाडीला किती हवे ते त्याला ठाऊक नसते, कारण तोच टायर वेगवेगळ्या वजनांच्या गाड्यांना लागतो. त्याच भिंतीवर मापापुढे असलेला भारांक अधिक उपयोगाचा आहे. भारांक म्हणजे पूर्ण दाबाला तो टायर किती किलो पेलतो याचा सांकेतिक आकडा: ६९ म्हणजे ३२५ किलो, ७५ म्हणजे ३८७ किलो आणि ८० म्हणजे ४५० किलो. साध्या जातीच्या मोटार टायराला ही क्षमता सुमारे ३६ पीएसआयला मिळते, असे धरून हिशेब करता येतो. पद्मिनीचे रिकामे वजन सुमारे ९०० किलो आहे. पाच माणसे आणि डिकीतले सामान धरून ते १,३०० च्या आसपास जाते, आणि सामान व मागची तीन माणसे मागच्या आसावर येत असल्याने मागच्या प्रत्येक चाकावर ३६० किलो धरले, तर ८० भारांकाच्या टायराला सरळ प्रमाणाने २९ पीएसआय लागतात. पुढच्या चाकांचे उत्तर याच रीतीने २३ येते, पण रेडियलमध्ये इतके खाली जाणे शहाणपणाचे नाही. म्हणून भरल्या गाडीसाठी पुढे २६ आणि मागे ३० ही सुरुवात योग्य म्हणता येते. मारुती ८०० ची रचना उलटी आहे: इंजिन आणि चालणारी चाके दोन्ही पुढे असल्याने रिकाम्या गाडीचा भार पुढे झुकतो, आणि मागे माणसे बसली की तो सारखा होऊ लागतो. तिच्या १४५/७० आर १२ टायराचा भारांक ६९ असला, तरी इतक्या हलक्या गाडीला ३६ भरण्याचे काहीच कारण नाही.

हिशेबाने आलेला आकडा रस्त्यावर पडताळता येतो. टायराच्या पृष्ठावर खडूची आडवी रेघ ओढून गाडी कोरड्या, सरळ रस्त्यावर थोडी चालवावी. रेघ मधोमध पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली गेली तर कमी आणि सगळीकडे सारखी पुसली तर दाब बरोबर आहे असे समजावे.

हे सारे आकडे थंड टायराचे आहेत. थंड म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेल्या गाडीचा टायर. कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो, आणि ३० पीएसआयच्या आसपास १० अंश सेल्सियसला सुमारे दीड पीएसआयचा फरक पडतो. मुंबईत जानेवारी आणि मे यांतला फरक उत्तर भारताइतका तीव्र नसल्याने इथे ऋतूपेक्षा चालण्याने येणारी उष्णता महत्त्वाची ठरते. घाटकोपरहून निघून दुपारच्या उन्हात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने अंधेरीच्या पंपावर पोहोचलेल्या गाडीचा दाब तीन-चार पीएसआय वर गेलेला असू शकतो. तो ‘जास्त झाला’ म्हणून उतरवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. गरम टायरातली हवा कधीही काढू नये. भरायचीच असेल तर थंड आकड्यात तीन-चार मिळवून भरावी. स्वतःचे साधे मापक घरी ठेवून सकाळी सोसायटीच्या आवारातच दाब मोजणे हा यावरचा खरा उपाय आहे. जी गाडी फक्त रविवारी निघते तिला तर याची गरज अधिक, कारण न चालवताही टायर महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतो आणि जुन्या ट्यूबचा वॉल्व्ह कुजलेला असेल तर त्याहून जास्त.

पावसाळ्यात या हिशेबात दोन गोष्टी वाढतात. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायराखालचे पाणी बाजूला सरले नाही तर चाक पाण्यावर चढते आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी होतात. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. विमानांच्या टायरांवर नासाने १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार ही अवस्था ३० पीएसआयला ताशी सुमारे ९० किलोमीटरला आणि २० पीएसआयला सुमारे ७५ किलोमीटरला येते. मोटारीच्या खाचा असलेल्या टायराला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत आणि खाचा झिजल्या की धोका आणखी लवकर येतो, पण कमी हवेने तो वेग खाली येतो ही दिशा पक्की आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गावर पहाटे मोकळ्या रस्त्याला तो वेग सहज गाठला जातो. दुसरी गोष्ट खड्ड्यांची. कमी हवेचा टायर खड्ड्याच्या धारेवर आपटला की रिम आणि रस्ता यांच्या चिमट्यात ट्यूब सापडते, आणि पंक्चरवाल्याने ती पाण्यात बुडवली की शेजारी-शेजारी दोन सारख्या चिरांमधून बुडबुडे येतात. अशी जोडचीर दिसली की दोष खिळ्याला देऊ नये. खड्डे आहेत म्हणून हवा कमी ठेवावी हा उपनगरांतला लोकप्रिय सल्ला त्यामुळे सपशेल चुकीचा आहे. जास्त हवाही निर्धोक नाही, कारण ताणलेल्या भिंतीतले धागे दणक्याने तुटून टायरला फुगा येतो.

नायट्रोजन भरण्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि महिन्याकाठी मापक लावणाऱ्या मालकाला त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

द्रुतगती मार्गाने पुण्याला किंवा समृद्धी महामार्गाने त्याहून लांब जायचे असेल, तर दाबाइतकेच टायराचे वय पाहणे भाग आहे. भिंतीवरच्या चार अंकी शिक्क्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१८ हा टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. क्वचित चालणाऱ्या जुन्या गाडीत खाचा नव्यासारख्या खोल आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेले, असे बऱ्याचदा आढळते. दहा वर्षे उलटलेल्या अशा टायरात कितीही बिनचूक हवा भरली तरी तो लांबच्या प्रवासाला लायक नसतो. तो बदलावा, आणि निघण्याआधी डिकीतली स्टेपनीही बाहेर काढून तिचा शिक्का वाचून तिच्यातली हवा मोजावी.