‘विमा आहे का?’ हा प्रश्न अपुरा का पडतो: मोडनिंबचं घर, रानातली वस्ती आणि दारातली गाडी

प्रश्नावली तयार करताना मी एक नियम पाळतो. प्रश्न बाहेर नेण्याआधी स्वतःच्या घरात विचारून बघायचा. माझा विषय ग्रामीण कुटुंबं आणि मालमत्तेचा विमा. पहिला प्रश्न अगदी सोपा लिहिला होता: ‘तुमच्या घराचा विमा आहे का? हो / नाही.’ मोडनिंबला गेलो आणि थोरल्या चुलत्यांना विचारलं.

“तात्या, वस्तीवरच्या घराचा विमा हाय का?”

“हाय की. दर साली बँक कापून घेती.”

पासबुक बघितलं. मे महिन्यात २० रुपये कापलेले. ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तात्यांचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतील. वस्तीवरच्या घराची भिंत पडली तर या २० रुपयांतून काहीच मिळणार नाही. पण माझ्या कागदावर ‘हो’पुढे खूण झाली असती.

दुसरा अनुभव जास्त बोचला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला आणि माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. माझी आत्या त्यातल्याच एका गावात राहते. घराची मागची भिंत गेली, धान्य आणि कपडे भिजले. मामांना खात्री होती की विमा आहे, कारण घरकर्ज घेताना बँकेनं विम्याचे पैसे एकरकमी घेतले होते. कागद वाचला तेव्हा कळलं, तो कर्जदाराच्या जिवाचा विमा होता. मामांचं काही बरंवाईट झालं असतं तर कर्ज फिटलं असतं. भिंतीशी त्याचा संबंध नव्हता. मामा एवढंच म्हणाले, “मग आमी पैसं कशाचं भरलं?”

मामांचा हा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा चांगला होता. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर माझ्या प्रश्नाला वैधता नव्हती. जे मोजायचं होतं ते तो मोजतच नव्हता. मग मी त्याचे तीन तुकडे केले: विमा कशाचा, कशापासून आणि किती रकमेचा? गंमत अशी की घरमालकानं पॉलिसी घेताना विचारायचे प्रश्नही हेच तीन आहेत.

कशाचा?

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. विमा नियामक आयआरडीएआयनं तिच्या अटी ठरवून दिल्या आहेत, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी मूळ मजकूर तोच. त्यात फक्त चार भिंती येतात असं नाही. कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची पक्की टाकी, सेप्टिक टाकी, सौर पॅनेल हेही घराच्या बांधकामात धरतात. मात्र ही पॉलिसी राहत्या घराची आहे. आमच्याकडे पुणे–सोलापूर रस्त्याच्या कडेला पुढं दुकान आणि मागं घर अशी बांधकामं भरपूर. त्यातल्या दुकानाला आणि मालाला वेगळी पॉलिसी लागते. वस्तीवरच्या गोठ्यातली जनावरं, विहिरीवरची मोटर यांचंही तसंच.

गावातलं घर आणि रानातली वस्ती ही दोन ठिकाणं आहेत. एकाची पॉलिसी दुसऱ्याला चालत नाही. वस्तीवर कायम कोणी राहत नसेल, छप्पर पत्र्याऐवजी पाचटाचं असेल, तर ते अर्जात खरं लिहा. चुकीची माहिती दिली की पुढं दावा अडतो. आणखी एक अडचण नावाची. घर अजून आजोबांच्या नावावर आणि हप्ता नातू भरतोय, असं असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. ज्याचं नुकसान होणार, विमा त्याच्या नावानं हवा.

कशापासून?

आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल, वाहनाची धडक, पाण्याची टाकी फुटणं हे धोके भारत गृह रक्षामध्ये आहेत. भूकंप आपल्याला लांबचा वाटतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जे झालं ते इथून फार दूर नाही. नेहमीची झीज, जुनी ओल, निकृष्ट बांधकाम यांचे पैसे मिळत नाहीत.

चोरीबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. मूळ पॉलिसीत चोरी फक्त एका अटीवर येते: आग किंवा पुरासारखी घटना घडल्यावर ७ दिवसांच्या आत झालेली. एरवी कुलूप तोडून झालेल्या चोरीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिन्यांचंही वेगळं बघावं लागतं.

किती रकमेचा?

इथं लोक जागेचा भाव सांगतात. जागा पुरात वाहून जात नाही. मोजायचा तो घर पुन्हा बांधायचा खर्च. समजा चटई क्षेत्र ८०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर १,८०० रुपये. विमा रक्कम झाली १४,४०,००० रुपये. घरासोबत त्याच्या २० टक्के, म्हणजे २,८८,००० रुपयांचं घरगुती सामानही आपोआप धरलं जातं. त्याची कमाल मर्यादा १० लाख.

विम्यात ‘सरासरीचं कलम’ नावाची एक भानगड असते. २० लाखांच्या मालमत्तेचा विमा १० लाखांचा काढला आणि नुकसान ४ लाखांचं झालं, तर मिळतात २ लाख. कारण विमा निम्म्याचाच होता. भारत गृह रक्षामध्ये घराला हे कलम लावत नाहीत, पण इतर पॉलिसींत ते असू शकतं. दुकानाची पॉलिसी घेताना हे जरूर विचारा.

आणि गाडी?

तेच तीन प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार बंधनकारक आहे तो त्रयस्थ पक्षाचा विमा. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामाला येतो. तुमची गाडी पुरात बुडाली तर नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग घ्यावा लागतो. त्याची रक्कम गाडीच्या वयानुसार उतरते: चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत ५० टक्के घसारा वजा करून धरतात. दावा न केल्याची सवलत पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले की ती जाते.

तीन गोष्टी गावाकडं नेहमी चुकतात. जुनी गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो; आपल्याकडं आरसी बुकच वर्षभर जुन्या मालकाच्या नावावर राहतं. शेतीसाठी विमा काढलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत वऱ्हाड नेलं आणि अपघात झाला, तर वापर बदलला म्हणून दावा अडचणीत येतो. आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. पाणी आत गेलेलं इंजिन चालू केल्यानं बिघडलं, तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत.

मग लोक विमा घेत का नाहीत?

प्रबंधात सर्रास दिसणारं उत्तर: ‘जागृतीचा अभाव’. हे लिहायची घाई करू नका. हॉवर्ड कुनरॉयथर यांनी १९७८ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या पूर आणि भूकंप विम्याबद्दल दाखवलं, की क्वचित येणारं संकट लोक हिशेबातच धरत नाहीत. दुसरं स्पष्टीकरण असं की सरकारी मदत मिळेल या भरवशावर विमा टाळला जातो. हे तपासता येतं. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. वरच्या उदाहरणातलं घर बांधायला १४,४०,००० लागतात. ही मदत म्हणजे भरपाई नव्हे, हा फरक लोकांना माहीत असतो का, हा खरा संशोधनाचा प्रश्न. मामांच्या बाबतीत तर तिसरंच कारण निघालं: त्यांनी विमा टाळला नव्हता, तो आहे असंच ते समजत होते.

म्हणून माझ्या नव्या प्रश्नावलीत ‘हो’ आलं की पुढची ओळ आहे: ‘कागद दाखवाल का?’ एकक कुटुंब नाही, प्रत्येक मालमत्ता आहे. तात्यांचं कुटुंब एक, पण घरं दोन आणि गाड्या तीन.

घरमालकांसाठीही कागदच महत्त्वाचा. पॉलिसीची प्रत आणि घराचे, सामानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नुकसान झालं की पंचनाम्याची वाट न बघता कंपनीला लगेच कळवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत पडलेलं तसंच ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्यासाठी कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही.

तात्यांनी आता वस्तीवरच्या घराचा अर्ज आणलाय. भरायच्या आधी मला म्हणाले, “आधी सांग, ह्यो कशाचा हाय?” माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न आता हाच आहे.