माहितीपटशैलीतील विनोद : कॅमेरा व संकलन यांचे कार्य

प्रस्तावना :
वास्तवदर्शनाची परंपरा कोल्हापूरला नवीन नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ या मूकपटातून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे जीवन पडद्यावर आणले. तेथे वास्तवाचा प्रत्यय करुणेसाठी होता. माहितीपटशैलीतील विनोदी मालिकेत तोच प्रत्यय हास्यासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात या शैलीतील कॅमेरा व संकलन यांचे कार्य स्पष्ट केले आहे.

कॅमेरा : एक न दिसणारे पात्र
परंपरागत विनोदी मालिका बहुधा स्टुडिओत अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होते. त्या कॅमेऱ्यांचे अस्तित्व पात्रांना ठाऊक नसते आणि हसण्याच्या जागा ध्वनिमुद्रित हास्याने दाखविल्या जातात. रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांच्या ‘द ऑफिस’ (बीबीसी, २००१) या मालिकेने हा संकेत मोडला. येथे कार्यालयात माहितीपटाचे चित्रीकरण चालू आहे, अशी कल्पना आहे. त्यामुळे हातातील कॅमेरा किंचित हलतो, दाराआडून डोकावतो, घटनेमागून धावतो आणि चेहऱ्यावरील संकोच झूमने टिपतो. पात्र भिंगाकडे क्षणभर पाहते. ध्वनिमुद्रित हास्याचे काम तो कटाक्षच करतो.

संकलन : विसंगतीची मांडणी
पात्र मुलाखतीत स्वतःविषयी एक विधान करते आणि लगेच जोडलेले दृश्य ते खोटे ठरविते. विनोद संवादात नसून या दोन दृश्यांच्या सांध्यात असतो. कधी संकलक दृश्य तोडतच नाही. अवघडलेली शांतता लांबते आणि तीच हास्यास कारण होते.

मराठी उदाहरण :
मराठीत या तंत्राचा लक्षणीय वापर उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘वळू’ (२००८) या चित्रपटात आढळतो. कुसवडे गावातील डुरक्या या वळूला पकडण्यासाठी वनाधिकारी येतो. त्याचा धाकटा भाऊ या मोहिमेवर माहितीपट करीत असतो. संपूर्ण चित्रपट या शैलीत नाही. परंतु गावकरी त्या कॅमेऱ्यासमोर बोलू लागले, की वळूपेक्षा त्यांचे हेवेदावे व मोठेपणाची हौसच अधिक उघड होते. कॅमेरा समोर आला की माणूस आपली प्रतिमा घडवू लागतो, हे या विनोदाचे मूळ आहे.

निष्कर्ष :
कॅमेरा हलविणे म्हणजे ही शैली नव्हे. कॅमेरा कोणाच्या हाती आहे व तो तेथे का आहे, हे निश्चित असेल तरच त्याचे हलणे अर्थपूर्ण ठरते. माध्यमशिक्षणाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. बोलणाऱ्याला खोटे ठरविणारा हाच सांधा खऱ्या माहितीपटातही सहज जोडता येतो. विनोदी मालिकेतील नटाला आपल्यावर हसले जाणार याची कल्पना असते. भाबडेपणाने मुलाखत देणाऱ्या खेडुताला ती नसते. म्हणून हे तंत्र शिकविताना हास्य कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.