मेमरी फुल झाली, आता आठवणी कुठं ठेवायच्या?

लग्नसराई असो, बारसं असो की दिवाळी. ऐन गडबडीत मोबाइलच्या पडद्यावर एक सूचना हमखास उमटते : 'मेमरी फुल'. फोटो काढणारा थबकतो. ओळीत उभी असलेली अज्जी विचारते, "एनातु रे?" नातू मराठीत उत्तर देतो, "अज्जी, जागाच संपली." आपल्या सीमाभागातल्या घरांत हा संवाद नवा नाही. आठवणीला कानडीत 'नेनपु' म्हणतात, मराठीत आठवण म्हणतात. पण फोनची मेमरी मात्र दोन्ही भाषांत मेमरीच राहिली! ती संपली की धावाधाव होते ती नखाएवढ्या मेमरी कार्डासाठी.

हे कार्ड आलं कुठून, त्यात मावतं किती, घेताना काय पाहावं आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर विश्वास किती टाकावा, हे समजून घेण्यासाठी आज जरा दूरच्या, पण आपल्याला परक्या नसलेल्या गावी जाऊ या. ते गाव म्हणजे इंदूर.

बेळगाव ते माळवा

होळकरांच्या काळापासून मराठी माणूस इंदुरात रुजला. नोकरीच्या, सोयरिकीच्या निमित्तानं आपल्याकडचीही काही कुटुंबं तिकडे गेली. आणि गाण्याचं नातं तर आहेच. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, घरात कानडी बोलणारे शिवपुत्र कोमकली म्हणजेच पं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारातून बरं होण्यासाठी इंदूरजवळच्या देवासला गेले आणि १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथलेच झाले. आजारपणात त्यांनी कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं टिपली, साठवली आणि पुढं त्यांतून नवं गाणं उभं केलं. आपल्या सभोवतालचे आवाज जपून ठेवणं किती मोलाचं असतं, याचं याहून चांगलं उदाहरण सापडायचं नाही.

त्या काळी आवाज साठवायचा तर जागा किती? ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावत असे. पुढं लाँग प्ले आली, कॅसेट आली, सीडी आली. आज १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशा ३२ जीबीच्या मायक्रो एसडी कार्डात साध्या दर्जाच्या एमपी-३ गाण्यांचे साडेपाचशेहून अधिक तास बसतात. म्हणजे सलग ऐकायचं ठरवलं तर तीन आठवडे रात्रंदिवस गाणं चालू राहील. वजन म्हणाल तर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी!

गाणी भरून देणारी दुकानं

इंदूरच्या राजवाड्यापासून जवळच जेल रोड आहे. मोबाइल आणि त्याच्या सुट्या सामानाची ही मोठी बाजारपेठ. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत अशा बाजारांत, आणि आपल्या बेळगाव, निपाणी, चिकोडीसारख्या गावांतही, एक नवाच धंदा फोफावला होता. टेबलावर एक संगणक, त्याला जोडलेला कार्ड रीडर आणि समोर 'यहाँ गाने भरे जाते हैं' किंवा 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी. गिऱ्हाइकानं कार्ड द्यायचं, आवड सांगायची आणि चहा पिऊन येईपर्यंत कार्ड भरून तयार. इंदुरात हिंदी गाण्यांबरोबर माळव्याची कबीरभजनं भरून घेतली जात, तर आपल्याकडे मराठी भावगीतं, कानडी भजनं आणि राजकुमारांची चित्रपटगीतं एकाच कार्डात शेजारी नांदत.

यातली बहुतेक गाणी विनापरवाना असत, हेही सांगितलं पाहिजे. कलावंताच्या हाती त्यातलं काही पडत नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि ही दुकानं ओस पडली. गाणी आता तारांगणातून थेट कानात येऊ लागली. मग कार्डाचं काम संपलं का? मुळीच नाही. बाजारातली गाणी पुन्हा मिळतात. पण घरातले फोटो, बाळाचं पहिलं बोलणं, आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठंच मिळत नाही. कार्डावर आज जे असतं ते जास्त मोलाचं असतं.

आत काय चालतं?

या कार्डाच्या पोटात फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि १९८४ साली जगापुढं मांडली. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तशी यातली माहिती एका झटक्यात पुसता येते, म्हणून त्यांच्या सहकाऱ्यानं 'फ्लॅश' हे नाव सुचवलं. आत अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, अडकवून ठेवलेले असतात. कप्प्यात भार आहे की नाही, यावरून एक किंवा शून्य वाचलं जातं. कप्प्याभोवती विजेला अडवणारं कवच असल्यानं फोन बंद केला तरी माहिती जात नाही.

१९९४ साली सॅनडिस्कनं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणलं. १९९९ साली पॅनासोनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं, आणि २००५ साली त्याचंच धाकटं भावंड मायक्रो एसडी म्हणून रूढ झालं. आज आपल्या फोनमध्ये असतं ते हेच.

घेताना काय पाहाल?

कार्डावरची अक्षरं म्हणजे नुसती नक्षी नव्हे. नुसतं 'एसडी' लिहिलं असेल तर क्षमता २ जीबीपर्यंत, 'एसडीएचसी' असेल तर ३२ जीबीपर्यंत आणि 'एसडीएक्ससी' असेल तर २ टीबीपर्यंत. अज्जांच्या बटणांच्या साध्या फोनमध्ये ६४ जीबीचं कार्ड घातलं तर तो ते ओळखेलच असं नाही. त्याला ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्डच द्यावं. फोनच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते.

इंग्रजी 'सी' अक्षरात १० चा आकडा असेल तर सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याचा वेग मिळतो. 'यू' अक्षरात ३ किंवा 'व्ही ३०' असं असेल तर किमान ३० मेगाबाइट. बारीक तपशिलाचं व्हिडिओ चित्रण करणाऱ्यांनी हे पाहावं; गाणी आणि फोटोंसाठी क्लास १० पुरे.

३२ जीबीचं कार्ड घातल्यावर फोन २९.८ जीबी दाखवतो, तेव्हा दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, यंत्र बहुधा १,०२४ च्या हिशेबानं मोजतं. फरक त्यातून पडतो.

आणखी एक. अँड्रॉइडच्या २०१५ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून काही फोनमध्ये कार्डाला फोनच्याच मेमरीचा भाग करण्याची सोय आली. ॲप्ससाठी ती बरी, पण असं कार्ड त्या एकाच फोनशी कुलूपबंद होतं. फोन बिघडला की ते दुसरीकडे उघडत नाही. घरचे फोटो ठेवायचे असतील तर ही सोय वापरू नये. कार्ड साधं, सुटंच ठेवावं. आजच्या महागड्या फोनांत तर कार्डाची खाच बहुधा नसतेच, आणि आयफोनला ती कधीच नव्हती. काही फोनांत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं. म्हणून फोन घेण्याआधीच हे विचारून घ्यावं.

मोठा आकडा, पोकळ कार्ड

माझी आत्या बेळगावची. लग्न होऊन इंदूरला गेली. सासरी कानडीचा गंधही नव्हता, तरी लहानपणी शिकलेली जोगुळपदं आणि जात्यावरची कानडी गाणी तिला अखेरपर्यंत पाठ होती. काही वर्षांपूर्वी आतेबहिणीनं ठरवलं, आईची सगळी गाणी चित्रित करायची. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून तिनं बाजारातून १२८ जीबीचं कार्ड आणलं, तेही निम्म्याहून कमी किमतीत. महिनाभर रोज संध्याकाळी आत्या दोन-तीन गाणी म्हणायची आणि ती थेट कार्डावर नोंदली जायची. नावांची यादी वाढत होती, चित्रणाच्या तारखा दिसत होत्या. वर्षभरानं आत्या गेली. तेराव्यानंतर कार्ड उघडलं तेव्हा सुरुवातीची गाणी चालली, पुढची एकही चालेना. नावं होती, आत काही नव्हतं.

एका जाणकारानं तपासून सांगितलं, कार्ड मुळात ८ जीबीचं होतं. कार्डातल्या नियंत्रक चिपला खोटा आकडा सांगायला शिकवतात आणि वर नामांकित कंपनीची नक्कल छापतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं. कधी जुन्यावरच नवं लिहिलं जातं. फोन मात्र शेवटपर्यंत 'जतन झालं' असंच म्हणत राहतो. हा माल एका गावाचा नाही, देशभर आणि ऑनलाइनही विकला जातो.

यावर उपाय सोपा आहे. भाव अशक्य वाटला तर घेऊ नये. पावती आणि वॉरंटी मागावी. नवं कार्ड आणलं की मोलाचं काही ठेवण्याआधी संगणकावरून ते निरुपयोगी मोठ्या फाइलींनी काठोकाठ भरावं आणि मग शेवटच्या फाइलींसह सगळ्या उघडून पाहाव्यात. सगळ्या उघडल्या तर कार्ड खरं. मग ते फॉरमॅट करून वापरायला घ्यावं. रात्रभराचं हे काम पुढचा पश्चात्ताप वाचवतं.

खरं कार्डही कायमचं नसतं

इथं मूळ मुद्द्याकडे येऊ. कार्ड जागा वाढवतं, पण ते तिजोरी नव्हे. कप्प्यात अडकवलेला भार वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत जातो, आणि उष्णतेत अधिक वेगानं झिरपतो. इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. गाडीच्या काचेमागं ठेवलेल्या फोनची किंवा कार्डाची अवस्था काय होत असेल, कल्पना करा. शिवाय लिहिण्या-पुसण्यानं कप्पे झिजतात. एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या, महागड्या मेमरीत लाखाच्या घरात फेऱ्या होत. आजच्या स्वस्त कार्डांत एका कप्प्यात तीन-तीन बिट कोंबलेले असतात आणि फेऱ्या हजारांत मोजाव्या लागतात. जागा वाढली ती अशी, टिकाऊपणातून काही देऊन.

म्हणून कार्डाला प्रवासातली पिशवी समजावं, घरातलं कपाट नव्हे. समारंभ झाला की आठवड्याच्या आत फोटो संगणकावर किंवा सुट्या हार्ड डिस्कवर उतरवावेत. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी : बेळगावची इंदूरच्या नातेवाइकांकडे, त्यांची आपल्याकडे, किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीनं पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून मूळ फाइलच पाठवावी. कार्ड काढताना आधी सेटिंगमधून ते सुटं करावं. चुकून काही पुसलं गेलं तर त्या कार्डावर नवं काहीही न घेता जाणकाराकडे न्यावं. पुसलेलं बरेचदा परत मिळतं. पण याच कारणानं जुना फोन विकताना कार्ड आत राहू देऊ नये.

वाचकहो, आपल्या घरांत दोन भाषांची संपत्ती आहे. मराठी ओवी म्हणणारी आणि त्याच दमात कानडी जोगुळ म्हणणारी पिढी आता थकत चालली आहे. येत्या सुट्टीत घरातल्या मुलांवर एक काम सोपवा. अज्जीला समोर बसवून तिची गाणी, म्हणी, नात्यांची नावं, जुन्या घरांच्या हकिगती नोंदवून घ्यायच्या. त्याच रात्री दुसरी प्रत करायची आणि दुसऱ्या दिवशी ती उघडून ऐकायची. ऐकू आली, की मगच काम झालं असं म्हणायचं.