मिरीची चक्की

कॅबरे म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे हेलन उभी राहते. धुराने भरलेला क्लब, पिसांचा झगा आणि कोपऱ्यात ग्लास घेऊन बसलेला खलनायक. हिंदी सिनेमाने हा शब्द आपल्याला असाच दिला. जर्मनीत मात्र त्याला दुसराही एक अर्थ आहे. छोटंसं सभागृह, एक पियानो, चार-पाच कलावंत, गाणी, लहान लहान प्रवेश आणि मधूनमधून राज्यकर्त्यांना काढलेले चिमटे. आपल्या तमाशातली बतावणी आठवा, म्हणजे साधारण कल्पना येईल. अशा कॅबरेची लेखिका आणि कलावंत एरिका मान हिच्याविषयी आज मला सांगायचं आहे.

एरिकाचा जन्म १९०५ सालचा, म्युनिचचा. वडील थॉमस मान, १९२९ सालचे साहित्याचे नोबेल मानकरी. एवढ्या मोठ्या वडाच्या सावलीत वाढलेल्या या मुलीने सगळंच करून पाहिलं. बर्लिनला अभिनयाचं शिक्षण घेतलं, नाटकांतून कामं केली. धाकटा भाऊ क्लाउस याच्याबरोबर जगप्रवास करून दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. वर्तमानपत्रांत स्फुटं लिहिली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. १९३१ मध्ये युरोपभरची दहा हजार किलोमीटरची मोटार-शर्यतही जिंकली! खरं सांगतो, मी तिच्याविषयी प्रथम वाचलं तेव्हा मनात आलं, की ही सुखवस्तू घरातली एक हौशी मुलगी, कशातच मन न रमणारी.

मग १९३३ साल उजाडलं. १ जानेवारीला म्युनिचमध्ये तिने स्वतःचा कॅबरे सुरू केला. नाव ‘फेफरम्यूले’, म्हणजे मिरी दळायची चक्की. जेवणाच्या टेबलावरची चक्की उचलून वडिलांनीच हे नाव सुचवलं, असं सांगतात. बहुतेक संहिता एरिकाची, संगीत माग्नुस हेनिंगचं, आणि सोबत तेरेझ गीजं ही समर्थ अभिनेत्री. महिनाही झाला नाही तोच हिटलर चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये एरिकाला देश सोडावा लागला. त्याच वर्षी शरदात झुरिचमध्ये चक्की पुन्हा फिरू लागली.

इथे तिच्या लेखणीचा कस लागला. परक्या देशात आश्रित म्हणून राहायचं, तर शेजारच्या सरकारवर उघड टीका करता येत नाही. म्हणून तिने परीकथांचा आधार घेतला. हिटलरचं नाव नाही, जर्मनीचं नाव नाही. एका गाण्यात ती स्वतः काळ्या गणवेशात, बूट चढवून, ‘लबाडांच्या देशाचा राजपुत्र’ म्हणून येई. त्या देशात खरं बोलायला बंदी! दुसऱ्या एका प्रवेशात गीजं साक्षात ‘मूर्खपणा’ होऊन अवतरे. प्रेक्षकांना सगळं कळे, सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नसे. नाव न घेता वर्मी मारणं ही सोपी गोष्ट नव्हे. शिवी देणं त्या मानाने फार सोपं.

ज्यांना लागायचं त्यांना ते लागलंच. नोव्हेंबर १९३४ मध्ये झुरिचच्या नाझीधार्जिण्या टोळक्यांनी खेळात दंगल केली, आणि पुढे तिथल्या सरकारने परदेशी राजकीय कॅबरेलाच दारं बंद केली. १९३५ मध्ये तिचं जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आलं. तेव्हा इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन याने तिला पासपोर्ट मिळावा एवढ्यासाठी तिच्याशी लग्न केलं. दोघांची त्यापूर्वी भेटसुद्धा झालेली नव्हती. चक्की मात्र थांबली नाही. हॉलंड, बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया करत १९३६ पर्यंत तिचे हजाराहून अधिक प्रयोग झाले.

आणि मग ती पडली, तीही दंगलीविना. जानेवारी १९३७ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत प्रयोग केला आणि थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळावा लागला. मला वाटतं, यात नवल नाही. सूचकतेवर उभी असलेली कला तिची सूचना ओळखणाऱ्या प्रेक्षकावरच जगते. आपलं एखादं वगनाट्य लंडनमध्ये इंग्रजीतून करून पाहा, म्हणजे कळेल.

पण प्रेक्षक गेला म्हणून एरिका गप्प बसली नाही. तिने साधन बदललं. आता परीकथा नको, सरळ सांगायचं. व्याख्यानांचे दौरे सुरू झाले. १९३८ मध्ये नाझी राजवटीत मुलांना कसं घडवलं जातं यावर तिचं पुस्तक आलं. बालकथा लिहिणाऱ्या बाईने हा विषय निवडावा हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे लंडनहून बीबीसीवर जर्मन श्रोत्यांसाठी भाषणं, मग अमेरिकन गणवेशातली युद्धवार्ताहर. ऑगस्ट १९४५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या मोंडॉर्फच्या तुरुंगात जाऊन तिने पकडलेले नाझी पुढारी पाहिले. नंतर न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या बातम्याही पाठवल्या.

१९४९ मध्ये क्लाउसने आत्महत्या केली. अमेरिकेत आता तिच्याकडेच संशयाने पाहिलं जाऊ लागलं होतं. १९५२ मध्ये ती आईवडिलांबरोबर स्वित्झर्लंडला परतली. १९५५ मध्ये वडील गेले, आणि उरलेली वर्षं तिने प्रामुख्याने त्यांच्या साहित्याची राखण करण्यात घालवली. त्यांच्या पत्रांचे तीन खंड तिने संपादित केले. १९६९ मध्ये एरिका वारली, झुरिचलाच. जिथे तिच्या खेळात दंगल झाली होती, त्याच शहरात.