सहलीला जायचं, पण कुठं?

मागच्या भागात आपण शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोललो, त्याआधी ज्वारीवरच्या किडीबद्दल. आज विषय जरा वेगळा आहे. गटाच्या बायकांनी चार दिवस फिरायला जायचं ठरवलं, तर कुठं जायचं, कसं ठरवायचं? समुद्राकाठच्या एखाद्या घरगुती मुक्कामी, की शहरात?

काही जणी आत्ताच म्हणाल्या असतील, ‘आम्हाला कुठली आलीय सहल?’ आम्हीही असंच म्हणायचो. आमच्या खटाव तालुक्यातल्या बाईचा प्रवास म्हणजे माहेर, लग्नकार्य, दवाखाना, नाहीतर देव. देवाला गेलं की घरातून कोणी हरकत घेत नाही, म्हणून आमची पहिली सहल देवाच्या नावानंच निघाली होती. ती कशी फसली ते आधी सांगतो.

गाडी ठरवून देणाऱ्या एकानं दोन दिवसांत आठ ठिकाणं दाखवतो म्हणून सांगितलं आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले. आठ ठिकाणं झाली खरी. पण आम्हाला आठवतं काय, तर गाडीची खिडकी आणि रांगा. रात्री साडेअकराला एका हॉलमध्ये सतरंजीवर टेकलो, पहाटे चारला उठवलं. वाटेत लघवीला कुठं थांबायचं हे कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून निम्म्या बायका दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत. परत आल्यावर दोघींना जळजळ होऊन ताप भरला.

त्याहून जास्त मनाला लागलं ते वेगळंच. आमच्या गटातल्या एक काकू ‘गुडघं दुखत्यात, मी न्हाई येत’ म्हणून घरीच राहिल्या होत्या. आम्ही ‘बरं’ म्हणून निघून गेलो. पुढं वर्षभरानं कळलं, गुडघे दुखत नव्हते. त्यांच्याकडे एका वेळी द्यायला पंधराशे रुपये नव्हते आणि तसं चारचौघींत सांगायची लाज वाटली. एका गटात दहा वर्षं बसलेल्या आम्ही, पण एकीलाही ते ओळखता आलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी ठिकाणाआधी पैशाचं ठरवलं. चौदा जणींनी महिन्याला 150 रुपये वेगळे काढायचे. वर्षाचे माणशी 1,800 झाले. गटाच्या वहीत त्याला स्वतंत्र पान. बँकेच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी गटातून कर्जही उचलायचं नाही, यावर आम्ही ठाम राहिलो. फिरून आल्यावर त्याचे हप्ते भरत बसणं म्हणजे सहलीची चव घालवणं. ज्या महिन्यात कोणाला जड गेलं, तिनं शेंगदाण्याची चिक्की करून दिली आणि ती यात्रेत गटानं विकली. काकूंचे तीन महिने असे चिक्कीतून भरले गेले. कोणी बोललं नाही आणि कोणी विचारलं नाही.

आता एसटीचं. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांना आपल्याला निम्मं तिकीट आहे, साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत. पंचाहत्तरी पार केलेल्यांना तर तिकीटच नाही, आधार कार्ड मात्र जवळ हवं. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढं गोव्यात किंवा कर्नाटकात जायचं तर हद्दीनंतरचं भाडं पूर्ण पडतं. शहरात फिरणाऱ्या बसचाही तिच्याशी संबंध नाही. तरी हिशेब करून बघा. खाजगी गाडी ठरवायच्या आधी एसटीचा आकडा काढला की डोळे उघडतात.

मग ठिकाणाची बैठक झाली आणि जुंपली. सुना म्हणाल्या शहर, सासवा म्हणाल्या समुद्र. एक सून म्हणाली, ‘शेतातनं उठून परत खेड्यातच जायचं? तिथंबी गोठा, तिथंबी चूल.’ तिचं अगदी चूक नव्हतं. हल्ली कृषी पर्यटन केंद्रांत शहरातली माणसं पैसे देऊन गाय बघायला, हुरडा खायला येतात. आपण पैसे देऊन गाय कशाला बघायची? (आपल्या शेतावर असं केंद्र काढायचा कोणाचा विचार असेल तर मात्र एकदा तिथं जाऊन राहावं. स्वयंपाकघर कसं लावलंय, संडास किती आहेत, पाहुण्यांना काय दाखवतात, ते बघण्यासारखं असतं.)

भांडण सुटलं ते म्हशींमुळं. सगळ्याजणी एकदम गेलो तर धारा कोण काढणार? म्हणून दोन तुकड्या केल्या. सात जणी कोकणात जातील तेव्हा उरलेल्या सात त्यांची जनावरं बघतील, मग उलटं. समुद्र हवा तिनं समुद्राच्या तुकडीत जायचं, शहर हवं तिनं शहराच्या. डिसेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा आमच्याकडं त्यातल्या त्यात मोकळा असतो. रब्बीची पेरणी उरकलेली, ज्वारीची काढणी लांब. तुमच्याकडं ऊस असेल किंवा द्राक्षं असतील तर हे गणित निराळं होईल, ते तुम्हीच मांडा. फक्त दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी टाळा, आणि शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी खोली स्वस्त मिळते आणि गर्दीत कोणी हरवत नाही.

पहिली तुकडी गुहागरला गेली. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. सकाळी सातला निघालो ते दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. घाटात दोघींना उलट्या झाल्या, तेव्हा लिंबू आणि पिशव्या जवळ ठेवा.

कोकणात घरगुती मुक्काम खूप. काही घरं सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदलेली असतात, तशी नोंद आहे का हे विचारता येतं. फोनवर आम्ही जे विचारलं ते सांगतो. भाडं माणशी की खोलीला? जेवण धरून की वेगळं? एका खोलीत किती जणी? संडास-न्हाणी खोलीला लागून की अंगणात, आणि कमोड आहे का? ज्यांचे गुडघे खरंच दुखतात त्यांना खाली बसता येत नाही. एसटी थांब्यापासून चालत किती? घरात बाई आहे का? हा शेवटचा प्रश्न आमच्या अध्यक्षांनी काढला आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला. आगाऊ पैसे थोडेच पाठवले. आणि एक लक्षात ठेवा, कोणी तुम्हाला पैसे पाठवतो म्हणून मोबाईलवर पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

ज्या घरी उतरलो तिथल्या वहिनी पहाटे पाचला उठून नारळ खवत होत्या. आम्हाला सवयीनं जाग आलेलीच. तिघी जणी उठून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. वहिनींनी परात काढून घेतली. म्हणाल्या, ‘तुम्ही पैसे दिलेत ना? मग बाहेर बसा.’ बाहेर झोपाळा होता. त्यावर आम्ही सात जणी आळीपाळीनं बसलो, आणि खरं सांगतो, पहिला अर्धा तास हातांचं काय करायचं ते कळेना. मग घावन आले, चहा आला. आमच्यातली एक साठीची मावशी म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सकाळचा चहा हातात आयता मिळाला. तिच्या बाळंतपणातसुद्धा तिनंच केला होता.

हेदवीचा दशभुजा गणपती बघितला. तिथंच किनाऱ्यावर बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर. भरतीच्या वेळी लाट आत शिरली की पाणी उंच उसळतं. म्हणून जायच्या आधी भरतीची वेळ गावात विचारायची, आणि कडेवर उभं राहायचं नाही. वेळणेश्वराचं देऊळ तर समुद्राच्या अगदी काठाशी. गुहागरचा किनारा लांबलचक आणि शांत दिसतो, पण दिसण्यावर जाऊ नका. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, ओहोटी लागली असताना तर मुळीच नाही. नऊवारी भिजली की केवढी जड होते, आणि पायाखालची वाळू कशी सरकते, हे पाण्यात उभं राहिल्यावरच कळतं. पावसाळ्यात तर समुद्राला लांबूनच नमस्कार करा. मालवणकडं सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचं मनात असलं, तरी पावसाळ्यात होड्या बंद असतात.

दोन मुक्काम, जेवण, रिक्षा, एसटी सगळं धरून माणशी 1,700 च्या आसपास गेले.

दुसरी तुकडी पुण्याला गेली. मुक्काम एकच, पण खर्च झाला 1,600. म्हणजे शहर दिवसाला महाग पडतं, हे आधीच मनात धरून ठेवा. खोली, चहा, रिक्षा, सगळ्याला पैसे. सगळ्यात जास्त त्रास खोलीचाच झाला. फोनवर ठरवलेल्या लॉजमध्ये पोचलो तर दाराला आतून कडीच नव्हती. मालक म्हणाला, काही होत नाही ताई. आम्ही म्हटलं, होत नसेल, पण झोप येणार नाही. आगाऊ दिलेले 500 रुपये सोडले आणि दुसरीकडं गेलो. ते 500 गेल्याचं आजही वाईट वाटत नाही. खोलीत सामान ठेवायच्या आधी कडी, खिडकी, नळ आणि संडास बघून घ्या. आधार कार्ड प्रत्येकीचं स्वतःच्या पिशवीत असावं. सगळ्यांची मिळून एकीकडं दिली आणि तीच चुकली, तर सगळ्याच अडकतात.

पण पुण्यात जे बघितलं त्याबद्दल ही तुकडी अजून बोलतेय. गंज पेठेतला फुले वाडा. जोतिबा आणि सावित्रीबाई राहत होते ते घर. साधंच, आपल्या घरांसारखं, अंगणात आड. 1868 मध्ये जोतिबांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या लोकांना खुलं केलं, ते हेच आवार. आमच्या तुकडीत दोघी अशा होत्या की ज्यांच्या आज्यांना गावच्या विहिरीवर ओंजळीत वरून पाणी घ्यावं लागे. त्या आडाच्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्ही घाई केली नाही. पुढचं एक ठिकाण त्यामुळं राहिलं, ते राहू दिलं.

मग आगाखान पॅलेस. 1942 च्या चळवळीत गांधीजींना आणि कस्तुरबांना इथं कैदेत ठेवलं होतं. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा तिथंच गेल्या, त्यांची समाधी आवारातच आहे. झाडी आहे, बसायला जागा आहे, डबा खाल्ला. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मात्र हसून पुरेवाट झाली. अडकित्ते, दिवे, भांडी, जुने कोरीव दरवाजे काचेआड मांडलेले. एकीनं अडकित्ता बघून कपाळावर हात मारला, ‘आगं, आसलाच मी गेल्या दिवाळीत भंगारवाल्याला दिला की!’

मेट्रोत बसायला सगळ्यांना आवडलं, पण सरकत्या जिन्यापाशी तीन जणी अडून राहिल्या. त्याची लाज वाटून घेऊ नका. शेजारी लिफ्ट असते, साधा जिनाही असतो. साडीचा सोगा आवरून एकेक पाय टाकला की तो जिनाही जमतो. परतीच्या वेळी तिघींतल्या दोघी मुद्दाम त्यावरून दोनदा वरखाली झाल्या. शहरात अनोळखी गर्दीत चालताना डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला ते कोणाला कळलंच नाही, आणि तिथं ते बघणारंही कोणी नव्हतं. शहर मागणाऱ्या सुनांना हेच हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

मुंबईला जाणार असाल तर वार बघून जा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. घारापुरीला गेटवेवरून लाँचनं तासभर लागतो, वर चढायला शंभराच्या वर पायऱ्या आहेत. लोकलमध्ये सकाळी आणि संध्याकाळी कामावरच्या गर्दीत शिरू नका, मधल्या वेळेत बायकांच्या डब्यात बसायलाही मिळतं.

मग गटानं कुठलं निवडावं? आमचं मत विचाराल तर पहिल्याच सहलीला कोकण किंवा तसंच एखादं शांत घर बरं. एका जागी दोन रात्री राहायचं, रोज बोचकं बांधायचं नाही, आणि कोणी आजारी पडलं तर झोपून राहता येतं. पण गटात पुढं शिकलेल्या मुली असतील, किंवा पंचायतीत निवडून आलेल्या बायका असतील, तर शहर करा आणि मुक्काम दोन ठेवा, एकात धावपळ होते. गुहागरला गेलेल्यांपैकी दोघी जणींना दुसऱ्या दिवशी दुपारीच कंटाळा आला होता, हेही सांगून टाकतो. एक तर घरी फोन लावून म्हैस किती दूध देतेय ते विचारत बसली होती.

यंदा काकूंनी वेरूळ-अजिंठ्याचं नाव काढलंय. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून मंगळवारी निघून बुधवार-गुरुवार तिथं राहायचं, असं वहीत लिहिलंय. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूर फाट्यावर थांबते आणि लेण्यापर्यंत तिथली बस नेते, ते भाडंही धरलंय. छत्रपती संभाजीनगरच्या मुक्कामाची चौकशी दोघींकडं सोपवलीय. आमच्यातल्या एकीची म्हैस मात्र नेमकी डिसेंबरातच विणार आहे, त्याचं अजून ठरायचं राहिलंय.