मुलीचे पुस्तक आणि आम्ही

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची धाकटी मुलगी जेवताना बोलेनाशी झाली. ताटाशेजारी पुस्तक उघडे आणि वाढलेली भाकरी तशीच. शाळेच्या वयात भूगोलाच्या पुस्तकाआड बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आम्हीही वाचलेला. तेव्हा रागावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. पण पुस्तक कसले ते पाहावे, म्हणून हाती घेतले. आमचे इंग्रजी कोर्टाचे कागद वाचता वाचता शिकलेले. शब्दकोश जवळ ठेवून पहिला भाग संपवायला अकरा रात्री लागल्या, दुसऱ्याला सहा. खरे सांगायचे तर आम्हीही त्या गोष्टीच्या प्रेमात पडलो.

ही मालिका सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची. ‘द हंगर गेम्स’ २००८ साली निघाले. ‘कॅचिंग फायर’ आणि ‘मॉकिंगजे’ हे पुढचे भाग २००९ व २०१० साली. उद्याचे जग आजच्याहून वाईट झाले तर कसे असेल, हे दाखविणाऱ्या कथा नव्या नव्हेत. ऑर्वेलचे ‘१९८४’ १९४९ सालचे. कॉलिन्सबाईंनी ते भय सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून, तरुण वाचकांना सांगितले.

गोष्टीतला देश पॅनेम. लोकांना भाकरी आणि तमाशे द्या म्हणजे ते गप्प बसतात, अशा अर्थाचे एक जुने रोमन वचन आहे. त्यातल्या भाकरीच्या शब्दावरून हे नाव आले. मध्ये श्रीमंत राजधानी, भोवती बारा जिल्हे. कोणी कोळसा काढतो, कोणी कापड विणतो, कोणी धान्य पिकवतो. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरसाल प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. अशी २४ मुले रिंगणात सोडायची, आणि एक उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे. हे सर्वांनी पडद्यावर पाहिलेच पाहिजे.

आम्ही अडकलो ते मारामारीत नव्हे, चिठ्ठ्यांच्या हिशेबात. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, पुढे दर वर्षी एक वाढते. पण घरी खायला नसेल तर आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि एका माणसाचे वर्षाचे धान्य व तेल घ्यायचे. तेही थोडेसेच! नायिका कॅटनिस हिचा बाप कोळशाच्या खाणीत स्फोटात मेलेला. आई, धाकटी बहीण आणि स्वतःसाठी ती दर वर्षी तीन जादा चिठ्ठ्या टाकते. सोळाव्या वर्षी तिच्या २० चिठ्ठ्या होतात. त्याच वयाच्या खात्यापित्या घरच्या मुलीच्या फक्त पाच. तिचा मित्र गेल याच्या ४२. मग गरीब मुले राजधानीऐवजी शेजारच्या सुखवस्तू मुलीवर चिडतात. सातपूर-अंबडच्या गेटवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकमेकांकडे कसे पाहतात, हे ज्याने पाहिले त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

प्रेमाचा त्रिकोण आम्हाला थोडा लांबलेला वाटला. मुलीचे मत उलट आहे. असो. कॅटनिसच्या जिल्ह्यातला तीन बोटे उंचावण्याचा इशारा थायलंडच्या तरुणांनी २०१४ साली लष्करी उठावाविरुद्ध वापरला, २०२१ साली म्यानमारच्याही. पोरांचे पुस्तक म्हणून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

तिसरा भाग मात्र आम्हाला जड गेला. बंडखोर कॅटनिसला आपले चिन्ह करतात. कपडे, भाषणे, चित्रफिती, सारे ठरवून. शेवटी त्यांची पुढारी कॉइन सुचवते की आता राजधानीच्या मुलांचा एक खेळ करावा. कॅटनिस जुन्या जुलमी अध्यक्षाऐवजी कॉइनवरच बाण सोडते. ते पान वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही.

कारण एका संपात आम्हीही एका एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे केले होते. आवाज खणखणीत, बोलणे लोकांना आवडे. फोटोत तो, गेटवर तो. त्याला विचारले कोणी? आम्ही नाही. तडजोड झाली, बाकीचे कामावर गेले. त्याचे नाव यादीतून गळले आणि आम्ही सही केली. मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही मधेच का थांबलात?” तिला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, “त्याला सांगितलंत का?”

तो आता सिन्नरकडे वायरमनचे काम करतो. त्याच्या घराचा पत्ता आम्ही मिळवला आहे.